चोविसावा व्हॉल्व्ह

“आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीवर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. आणि बसलाच कुणाचा, तर तुमची निवड करणाऱ्या समितीबद्दल मला वरती लेखी कळवावं लागेल.”

अशी सुरुवात करून मी खडू खाली ठेवला. एक्क्याऐंशी सालचा जून महिना. शाळेतला सातवीचा वर्ग, लहान बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले नव्या भरतीचे बावीस उमेदवार, आणि फळ्यावर माझ्या वळणदार अक्षरात विषय: ‘कार्यभार देणे व घेणे’. मी सप्टेंबरात निवृत्त व्हायचा होतो. राजगुरुनगरच्या तालुका कचेरीत सोळा वर्षं आणि इथं आस्थापना शाखेत दहा, एवढी माझी चाकरी. जाता जाता या म्हाताऱ्याकडून नव्या पोरांना चार नियम शिकवून घ्यावेत असं वरच्यांना वाटलं. नियम मी पंधरा मिनिटांत उरकले. उरलेला अर्धा तास माझा.

मागच्या खिडकीशी भीमराज बसला होता. पाणीपुरवठ्याचा सुपरवायझर. पुढचा तास त्याचा, म्हणून मधोमध कापलेला एक पितळी व्हॉल्व्ह मांडीवर घेऊन आधीच येऊन बसलेला.

“ज्याची ही गोष्ट आहे तो माणूस मागं बसलाय,” मी म्हणालो. “पण त्याला विचारून उपयोग नाही. नऊ वर्षांत त्यानं या विषयावर तोंड उघडलेलं नाही. म्हणून तर मला सांगता येते.”

सगळ्या माना मागं वळल्या. भीमराजनं खिडकीबाहेर बघितलं.

तर मंडळी, नगरपालिका नवी नवी झाली तेव्हा आसपासच्या ग्रामपंचायती तिच्यात आल्या आणि पंचायतींबरोबर त्यांची माणसंही आली. झाडणारे, दिवाबत्तीवाले, शिपाई, पाणी सोडणारे. एकसष्ट माणसं, आणि कागद एकाचाही धड नाही. कुणाची जन्मतारीख ‘प्लेगाच्या साली’, कुणाची नेमणूक ‘पाटील म्हणाले म्हणून’. एक शिपाई तर असा निघाला की थोरला भाऊ वारल्यापासून तो भावाच्याच नावावर कामाला येत होता. हाक मारली की दोन्ही नावांना ओ द्यायचा.

मुख्याधिकारी होते कोरेगावकर साहेब. नाव सुरेंद्र, वय पस्तिशीच्या आत, चष्मा जाड. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, “भाऊसाहेब, वशिल्यानं आलेला माणूसही चालेल मला. पण त्याला काम यायला हवं. येत नसेल तर आपण शिकवायला हवं.” सरकारी नोकरीत इतकं चमत्कारिक वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं.

साहेबांनी दोन हुकूम काढले. एक, प्रत्येकाची कामाची परीक्षा. दिवाबत्तीवाल्यांना खांबावर चढवलं. टंकलेखकाला मशीनसमोर बसवलं, तर तो म्हणाला, “साहेब, मी हे फक्त पुसतो.” दुसरा हुकूम जास्त कडक. प्रत्येक जुन्या जाणत्या माणसानं एक नवा माणूस तयार करायचा, आणि आपलं सगळं काम त्याच्या हवाली करायचं. हातोहात, चार्ज रिपोर्टावर सही-अंगठ्यानिशी. तो रिपोर्ट आला तरच नवा कायम होणार, आणि तो आल्याशिवाय जुन्याला सोडायचं नाही.

“भाऊसाहेब, आणि जुना मधेच वारला तर?” पहिल्या बाकावरून प्रश्न आला. ही पद्मा. कनिष्ठ कारकून म्हणून लागलेली, डोळ्यांत कायम वाद.

“बाई,” मी म्हणालो, “तोच प्रश्न तेव्हा हुकूम लिहिताना कुणाला सुचला असता, तर ही गोष्टच झाली नसती.”

आता धोंडीबा. पवनेकाठच्या ढवळवाडीत पाणी सोडणारा. गावाची पाइपलाइन पंचायतीनं घातली तेव्हा नकाशा केलाच नव्हता, आणि ठेकेदार नंतर दिसला नाही. सगळे व्हॉल्व्ह रस्त्याखाली पुरलेले, त्यांची झाकणं मातीनं बुजलेली. कुठला कुठं आहे ते फक्त धोंडीबाला ठाऊक. व्हॉल्व्ह फिरवायची छातीइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून हा माणूस अनवाणी निघायचा, ओठांतल्या ओठांत काही मोजत चालायचा, एकदम थांबायचा आणि टाचेनं माती सारायचा. झाकण तिथंच. डावा गुडघा गेलेला, म्हणून तो पाय ओढत. साहेबांनी त्याच्यापुढं कोरा कागद ठेवून नकाशा काढायला सांगितलं तेव्हा तो हसला. “नकाशा माज्या पायात हाय, सायेब. कागदावर न्हाई उतरायचा.”

त्याच्याकडं घड्याळ नव्हतं. पहिल्या गल्लीचं पाणी तो दुपारी तीनच्या भोंग्यावर सोडायचा, रुळांपलीकडच्या कंपनीच्या. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, भोंगा नाही, म्हणून गुरुवारचं पाणी कधी अडीचला, कधी चारला. गावानं हे गृहीत धरलेलं.

धोंडीबाच्या हाताखाली साहेबांनी दिला हा भीमराज. आयटीआयचा फिटर, पहिल्या वर्गात पास. कंपनीत गेला असता तर ओव्हरटाइमसकट दुप्पट कमावलं असतं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, “इथं का यायचंय?” हा म्हणाला, “साहेब, ढवळवाडीच्या बौद्धवस्तीत आमचा नळ आहे. माझी आई केसरबाई तासभर बसते तेव्हा एक कळशी भरते. वरच्या आळीत हंडे वाहून जातात. असं का होतं ते मला बघायचंय.” साहेबांनी त्याचं नाव तिथल्या तिथं लिहिलं. मुदत दिली एकतीस मार्च बाहत्तर. तोवर चार्ज घेतला तर कायम, नाहीतर घरी.

धोंडीबानं त्याला काही शिकवलं नाही. भीमराजनं दहा पावलं मागं चालायचं. म्हातारा मुद्दाम उलटसुलट गल्ल्यांतून फिरायचा, की याची मोजणी चुकावी. आणि चावी घे म्हणायचं झालं तर हातात द्यायचा नाही. आधी जमिनीवर आडवी ठेवायचा, दोन पावलं मागं सरायचा, मग मानेनं खूण करायचा. कशासाठी, ते गावात कुणाला विचारावं लागत नव्हतं. भीमराज वाकायचा, चावी उचलायचा, काम झालं की पुसून परत जमिनीवर ठेवायचा. साडेचार महिने हे चाललं. एकदा मी त्याला म्हणालो, “अरे, साहेबांना सांगतो मी.” तो म्हणाला, “सांगू नका. साहेबांच्या हुकमानं दिली तर ती साहेबांनी दिली असं होईल.”

आणि फेब्रुवारीत एका बुधवारी धोंडीबा गेला. तीनचा भोंगा चालू असताना, आपल्याच ओट्यावर बसल्या बसल्या. चावी मांडीवर. ती आणून मी आस्थापनेच्या लोखंडी कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं.

आता माझी चूक सांगतो. या चुकीसाठी मला आजतागायत कुणी दंड केलेला नाही, कारण ती कुठल्या नियमात बसवायची तेच कळलं नाही. झालं असं, की एकसष्ट माणसांची सेवापुस्तकं करायची होती. माणसं काही पुन्हा पुन्हा गोळा होत नाहीत, म्हणून दिवाळीलाच मी सगळ्यांचे अंगठे कोऱ्या पुस्तकांवर घेऊन ठेवले होते. मजकूर पुढं सवडीनं भरायचा. तुम्ही असं कधीही करू नका, आणि करालच. ती सवड मला फेब्रुवारीत मिळाली. यादी पंचायतीची जुनी, आणि मी नावं न वाचता उतरवत गेलो. एका बैठकीत एकसष्ट पुस्तकं भरली, एकसष्ट आदेश टाइप करून घेतले, साहेबांपुढं गठ्ठा ठेवला. साहेबांनी सह्या केल्या. त्यात होता हा: ‘श्री. धोंडीबा यांना नगरपालिकेच्या सेवेत कायम करण्यात येत आहे. त्यांनी आपला संपूर्ण कार्यभार श्री. भीमराज यांना हातोहात द्यावा. तोपर्यंत त्यांना कार्यमुक्त करण्यात येऊ नये.’

मेलेल्या माणसाला मी कायम केला होता.

शिपाई आदेश घेऊन ढवळवाडीला गेला, तर घराला कडी. सगळे नदीवर. त्या दिवशी धोंडीबाचा दहावा होता. पिंड ठेवलेला, कावळा येत नव्हता. भावकीनं सगळी आश्वासनं देऊन झाली होती, गाय सांभाळू, अंबुबाईला अंतर देणार नाही. अंबुबाई म्हणजे त्याची बायको. शेवटी एक कावळा नदीकाठच्या पिंपरणीच्या झाडावरून सुटला आणि खाली उतरायला लागला. तेवढ्यात आमचा शिपाई पोचला. अंबुबाईनं विचारलं, “काय आणलंस रं?” तो म्हणाला, “धोंडीबांचा कागूद.” ती म्हणाली, “मग त्यांच्या म्होरं वाच.” त्यानं पिंडासमोर उभं राहून खणखणीत आवाजात वाचला. कावळा दोन हातांवर आला होता. ‘कार्यमुक्त करण्यात येऊ नये’ ऐकलं आणि तो वळला, थेट नदीपार गेला. परत आला नाही.

वर्ग हसला. मीही हसू दिलं. हसून घेतलेला माणूस पुढं नीट घाबरतो.

त्या दहा दिवसांत गावात पाण्याची दैना झाली होती. भीमराजनं पहार घेऊन गल्ल्या ठोकून काढल्या, तरी जेमतेम नऊ झाकणं सापडली. वरच्या आळीतली शालनबाई रिकामी बादली वाजवत त्याला म्हणायची, “काय रे सर्टिफिकेटवाल्या, कागदातनं पाणी पिळून दे की.” आणि दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या आळ्यांना पाणी आलं. अगदी वेळेवर. पहिली गल्ली तीनच्या भोंग्यावर.

लोक म्हणाले, पोरगा शिकला. साहेबांनी बोलावून पाठ थोपटली. तिथून बाहेर पडून भीमराज माझ्या टेबलाशी आला. चेहरा राखेसारखा. “भाऊसाहेब,” तो म्हणाला, “पाणी मी सोडत नाहीये.”

मी उठलो आणि कपाट उघडलं. कुलूप जसंच्या तसं होतं. चावी आत होती. खालच्या टोकाला ओली माती, आणि खालच्या फळीवर पाणी ठिबकून साचलेलं. माझ्या दोन फायली भिजल्या होत्या.

मग मी हजेरीपट उघडला. कायम झालेल्या एकसष्ट जणांची नावं त्यात मीच घातली होती. धोंडीबाच्या नावापुढं त्या दिवशीच्या रकान्यात अंगठा होता. मी बोट लावून पाहिलं. शाई ओली.

“बघ रे,” मी भीमराजला म्हणालो.

“दिसतोय,” तो म्हणाला. त्यानं बोट लावलं नाही.

पुढं रोज तसंच. तीनच्या सुमाराला कपाटातून चावी नाहीशी व्हायची, चारला परत. अंगठा उमटायचा. आणि गुरुवारी, मंडळी, भोंगा नसायचा, तर पाणी कधी अडीचला, कधी चारला. सवय मरत नाही.

“भाऊसाहेब,” पद्मानं हात वर केला, “त्यांना किरकोळ रजा किती शिल्लक होती?”

“बारा. एकही घेतली नाही.”

मी साहेबांकडं गेलो. म्हणालो, “साहेब, धोंडीबांचं नाव पटावरून काढायला हवं.” साहेबांनी वर न बघता विचारलं, “चार्ज रिपोर्ट आला?” म्हटलं, “साहेब, ते वारलेत.” साहेब म्हणाले, “वाईट झालं. पण मग भीमराजनं चार्ज घेतला कुणाकडून? पंचायतीच्या साठ्याच्या वहीत चोवीस व्हॉल्व्ह आल्याची नोंद आहे. चोवीसच्या चोवीस जागा मला लिहून द्या, तरच तो कायम. कामावर आहे, पाणी सोडतोय, म्हणून कायम, असं करायला लागलो तर पंचायतीत आणि आपल्यात फरक काय?” आणि खरं सांगतो, साहेबांचं चुकलं नव्हतं. अंगठ्यांचं मी बोललो नाही. बोललो असतो तर परीक्षा माझी घेतली असती.

मार्च लागला होता. भीमराजनं एकच गोष्ट केली, जी मी कधी केली नसती. तो दुपारी पावणेतीनला जाऊन ढवळवाडीच्या वेशीशी उभा राहिला.

भर ऊन. गल्लीत माणूस नाही. सावलीत निजलेली दोन कुत्री उठली आणि भिंतीला अंग घासत बाजूला झाली, वाट द्यावी तशी. आणि कोरड्या धुळीत पाऊल उमटलं. ओलं. उजवं पूर्ण, डाव्याची नुसती बोटं आणि मागं ओढल्याची रेघ. मग दुसरं. मग तिसरं. वर माणूस नाही. भीमराज दहा पावलं मागं चालू लागला, नेहमीसारखा. पावलं एका जागी थांबली. तिथली माती आपोआप सरली, झाकण खणखणलं, आणि त्याच्या पायाखालून, जमिनीच्या आतून, पाणी धावत गेल्याचा आवाज आला. भीमराजनं खिशातून कागद काढला आणि फुली मारली. पहिली.

रोज तो असा जायचा, आणि तेव्हा संध्याकाळी येऊन मला दोन वाक्यांत सांगायचा. बायकांना काय दिसायचं देव जाणे, पण तो गल्लीत शिरला की नळावरची भांडणंसुद्धा थांबायची. शालनबाईनं बादली वाजवणं सोडलं. एक मात्र होतं. आता ती पावलं वाकडीतिकडी फिरत नव्हती. सरळ जायची. एका व्हॉल्व्हवरून दुसऱ्यावर, मोजून घे म्हणावं अशी.

महिना सरत आला तेव्हा कागदावर तेवीस फुल्या होत्या. चोविसावी नाही. पावलं रोज बौद्धवस्तीच्या वळणावरच्या पिंपरणीखाली यायची, तिथं घुटमळायची, त्या जागेची धूळ चिखल व्हायची, आणि मग माघारी फिरायची. वस्तीतला नळ होता तसाच. तास, आणि एक कळशी.

भीमराजनं तिथं तीन दिवस खणलं. दगड आणि मुळ्या.

सत्तावीस मार्चला तो अंबुबाईकडं गेला. तिनं त्याला ओट्यावर बसवलं. दारात धोंडीबाच्या चपला होत्या, कोरड्या.

“रोज तीनला निघत्यात,” ती म्हणाली, जसं काही नवरा कामावरच आहे. “चपला हितंच. पायानं जागा वळखायच्या म्हंजी अनवानीच जावं लागतंय. त्यांचं काय ऱ्हायलंय रं, बाळा?”

“एक व्हॉल्व्ह राहिलाय.”

अंबुबाईनं दारातल्या चपला उचलून भिंतीशी नीट लावल्या. मग म्हणाली, “पिंपरणीखाली येऊन माघारी फिरत्यात ना? लाइन घातली तवा वरच्या आळीनं घालाया लावला हुता त्यो. खोल. तुमच्या वस्तीचं पानी तितं आवळलंय. ह्यांनी सोताच्या हातानं आवळलं. मला येकदाच बोलले, अन् त्या दिवशी जेवले न्हाईत. त्यो दाखवायचा म्हंजी काय केलं त्ये कबूल करायचं. कुनाफुडं? तुज्याफुडं.”

“मग?”

“मग काय. त्यांचं जड झालंय,” ती म्हणाली. “तू दहा पावलं मागं नगं चालू. म्होरं जाऊन थांब.”

पद्मानं वही मिटली होती. मी घोटभर पाणी प्यायलो. सगळ्यांनी त्या ग्लासकडं बघितलं.

मुदत संपायला एक दिवस उरला. तीस मार्च. गुरुवार. कंपन्या बंद. दोनला भीमराज माझ्याकडं आला, चार्ज रिपोर्टाचा छापील फॉर्म मागून घेतला, तेवीस जागा भरल्या, चोविसावी ओळ कोरी ठेवली. शाईची डबी खिशात टाकली. म्हणाला, “येतो भाऊसाहेब.” आणि तेव्हा, मंडळी, मी काय केलं असेल?

मी टोपी घातली आणि म्हणालो, “थांब. चार्ज देताना आस्थापनेचा माणूस हजर पाहिजे. मी येतो.”

वर्गातून एक कौतुकाचा सुस्कारा आला. मी तो पुरता घेतला आणि पुढं सरकलो.

आम्ही पिंपरणीखाली पोचलो. एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला सगळी गल्ली मोकळी. केसरबाई नळाखाली कळशी लावून बसलेल्या दिसत होत्या. वारा पडलेला. पानसुद्धा हलत नव्हतं. आणि गुरुवार असून, कंपनीला कुलूप असून, रुळांपलीकडून भोंगा वाजला. असा लांब, की संपेचना. मी खाली बघितलं. पावलं येत होती. पण या वेळी पावलांच्या वर घोटे होते. घोट्यांच्या वर धोतर, ओलं, चिकटलेलं. मग खांद्यावरची चावी. मग चेहरा. धोंडीबाच, पण रंग गेलेला, भिंतीवरची ओल असते तसा.

तो भीमराजसमोर येऊन थांबला. खांद्यावरून चावी काढली. आणि वाकला, जन्मभराच्या सवयीनं, ती जमिनीवर ठेवायला.

मी पुढं झालो. म्हणालो, “धोंडीबा! आदेशात हातोहात लिहिलंय. खाली ठेवलेली चालणार नाही.” तो तसाच वाकलेला थांबला. माझ्याकडं बघितलं, याच्याकडं बघितलं. हात पुढं येईना. मग मीच तोडगा काढला. म्हटलं, “असं करा, माझ्या हातात द्या, मी याच्या हातात देतो. नियमाला तेवढं पुरतं.” त्यानं चावी माझ्या हातात ठेवली, मी ती भीमराजच्या हातात दिली. धोंडीबानं टाचेनं एका मुळीवर खूण केली. तिच्याखाली भीमराजनं झाकण काढलं, व्हॉल्व्ह फिरवला, आणि पाणी असं गेलं की केसरबाईंची कळशी नळाच्या धारेनं लवंडली. धोंडीबानं चार्ज रिपोर्टावर अंगठा दिला. दुसऱ्या दिवसापासून हजेरीपटावर त्याच्यापुढं काही उमटलं नाही. तो रिपोर्ट आजही दप्तरात आहे, हवा तर जाऊन बघा, अंगठ्याभोवती पाण्याचा डाग आहे. असं आहे, मंडळी. दोन माणसांच्या मधे आस्थापना शाखा उभी राहिली, म्हणून चार्ज झाला.

मी खडू उचलला. माझ्या मते गोष्ट संपली होती.

“भाऊसाहेब,” पद्मानं हळूच विचारलं, “हात कसा होता त्यांचा? चावी देताना लागला असेल ना?”

“थंड,” मी म्हणालो. “बर्फासारखा. अजून कधी कधी तळहाताला जाणवतो.”

“खोटं.”

आवाज मागून आला. आधी कुणाला कळलंच नाही कुणाचा, कारण तो आवाज या विषयावर कुणी ऐकलेलाच नव्हता. भीमराज उभा राहिला होता. मांडीवरचा व्हॉल्व्ह त्यानं बाकावर ठेवला होता, अगदी सावकाश.

“भाऊसाहेब, बाकी सगळं सांगा. कावळ्याचं सांगा, रजेचं सांगा. मी कधी काही बोललोय? पण हे खोटं आहे.” तो वर्गाकडं नाही, माझ्याकडंच बघत होता. “तुम्ही तिथं नव्हता. तुम्ही ऑफिसात होता, कपाटाच्या दाराला पाठ लावून, दोन्ही हातांनी कड्या धरून. संध्याकाळी मी रिपोर्ट घेऊन आलो तेव्हा तसेच होता. मी तुमची बोटं सोडवली. तुम्ही मला एवढंच विचारलंत, ‘आज भोंगा वाजला का रे?’”

मी फळ्याकडं वळलो. फळ्यावर माझ्याच अक्षरात विषय होता.

“तो वाकला, हे खरं आहे,” भीमराज म्हणाला. “अर्ध्यात थांबला, हेही खरं. पण त्याला कुणी काही सांगितलं नाही. त्यानं चावी खाली ठेवली नाही. सरळ झाला. माझा हात धरला, बोटं उघडली, चावी त्यात ठेवली आणि बोटं परत मिटवली, एकेक करून. आणि हात थंड नव्हता, भाऊसाहेब. दिवसभर चावी फिरवलेल्या माणसाचा असतो तसा होता. मग चोविसावा आम्ही दोघांनी मिळून उघडला.”

त्यानं बाकावरचा व्हॉल्व्ह उचलला.

“मधे कुणी नव्हतं,” तो म्हणाला. “आम्ही दोघंच होतो.”